तण

फ्रिजच्या दारातल्या ज्या खणात
व्हर्लिनचं इन्शुलिन असायचं,
तिथं आर्डिस हॉगननं जानेवारीत
एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली:
ओला पेपर टॉवेल, त्यात मिल्कवीडच्या चाळीस बिया,
चपट्या, तपकिरी, वाळल्या ढेकणांसारख्या.
वर पेननं तारीख, आणि 'खाऊ नये'.
खाणार कोण? घरात ती एकटी.

मागल्या साली नुसत्याच कुंडीत टोचल्या होत्या.
एकही उगवली नाही.
वाचनालयातली बाई म्हणाली,
थंडी सोसल्याशिवाय हे बी जागं होत नाही.
आर्डिस म्हणाली, आयोवात राहून
आणखी किती सोसायची त्यानं?

तशी हिच्या बोटांना या झाडाची जुनी ओळख.
जुलैत, भल्या पहाटे,
दवानं चिंब सोयाबीनच्या ओळींतून
हातात आकडी घेऊन चालायचं,
दिसलं की मुळासकट उपटायचं.
ताशी साठ सेंट.
चीक हातावर वाळून काळा पडायचा,
डोळ्याला लागला तर दिवसभर आग.
व्हर्लिन पहिल्यांदा दिसला तो तिथंच,
शेजारच्या तासात,
तिच्यापेक्षा भराभर उपटत.

मग लग्न. मग फवारणीचं यंत्र.
चाळीस वर्षं त्यानं रान असं राखलं
की लोक म्हणायचे,
हॉगनच्या शेतात तण शोधायला चष्मा लागतो.
हे कौतुक होतं.
तिला अजूनही ते कौतुकच वाटतं.
म्हणून कुणाला सांगत नाही
गॅरेजमागं, दक्षिणेच्या उन्हात
तिनं काय मांडलंय.

दुधाची रिकामी खोकी, बुडाला भोकं.
एप्रिलच्या शेवटी सतरा मोड.

शेजारचा विल्मर पाणी घालायला येतो.
आठ वर्षांचा. बाप मांसाच्या कारखान्यात रात्रपाळीला,
म्हणून दिवसा घरात आवाज करायचा नसतो.
आर्डिसनं विचारलं, ही फुलपाखरं थंडीत
तुमच्याकडेच जातात ना रे?
त्यानं झारी खाली ठेवून विचार केला.
नाही, म्हणाला, ती मेक्सिकोतच थांबतात.
आमचं गाव त्याच्याही पुढं.
आम्ही जास्त लांबून आलो.

पहिल्या वर्षी वीतभर वाढली, फूल नाही,
ऑक्टोबरच्या हिमात काळी पडली.
तिला वाटलं, संपलं.
दुसऱ्या मे महिन्यात सतराची सव्वीस,
जमिनीखालून चालत आलेली:
वाफ्याबाहेर, गवतात,
आणि एक
व्हर्लिनच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीत,
जिथं अजून माती घट्ट आहे.
तिचा हात सवयीनं गेलाच.
देठ मुठीत, चीक सुटलेला.
तसाच वाकून उभा राहिला हात, बराच वेळ.
मग तिनं बोटं उघडली
आणि नळावर जाऊन धुतली. चिकटपणा गेला नाही.

तिसऱ्या साली फुलं आली, गुलाबी, धुरकट,
इतकी गोड वासाची की तिला राग आला:
साठ वर्षं कुणी बोललं नाही याबद्दल.
उपटणाऱ्याला कळ्या कुठून दिसणार.
पानाखाली टाचणीच्या टोकाएवढं अंडं
विल्मरला सापडलं.
मग अळी, काळी-पांढरी-पिवळी,
खादाड,
पानामागून पान फस्त.
पिकावर पडलेली अळी बघून हसणारी
हॉगन घराण्यातली ती पहिलीच.

आता शेंगा उकलल्यात.
म्हाताऱ्या सुटल्यात, पांढऱ्याशुभ्र, वजन नसलेल्या,
आणि विल्मर एकेक पकडून
गाल फुगवून फुंकतोय
रस्त्यापलीकडं,
डेनिस क्रोगरनं खंडानं घेतलेल्या रानावर.
त्या बाजूला नको रे, आर्डिस ओरडते,
काठी उगारून, एकोणऐंशी वर्षांची,
गुडघ्याएवढ्या तणात उभी.
पण वारा पश्चिमेचा आहे
आणि रान पूर्वेला.

डेनिस विचारेल, तेव्हा बघू.
तिच्या स्वेटरला चिकटलेली एक
ती काढत नाही.